नरहरीचा खडा आणि माझं पोट

मी हेवेखोर बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाची फसगत व्हायला नको. पोटाच्या एका दुखण्यानं मला अकरा वर्षं छळलं आणि त्यातून मी बरी झाले. आज ज्या पोरीबाळी तसलंच काही सोसत असतील त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. डॉक्टरी माहिती माझ्याकडं नाही, ती दवाखान्यात मिळते. दुखत असताना मनात काय काय येतं आणि त्याची किती लाज वाटते, हे मात्र कुणी सांगत नाही. तेवढं मी सांगू शकते.

नरहरी आणि मी जुळे. लातूरला गंजात, म्हणजे बाजारपेठेत, आमच्या अप्पांचं कापडाचं दुकान होतं, निजामाच्या अमदानीतलं. मी थोडी आधी जन्मले म्हणून तो मला अक्का म्हणायचा. आम्ही नऊ वर्षांचे असताना गोवऱ्यांच्या ढिगात हात घातला आणि एकाच दुपारी दोघांनाही विंचू चावला. नरहरीनं दिवस मावळेपर्यंत गल्ली डोक्यावर घेतली. मी दात आवळून बसले. दुसऱ्या दिवशी अप्पांनी मला खांद्यावर घेऊन गंजातनं फिरवलं. "ही माझी वाघीण!" असं भेटेल त्याला सांगत होते. म्हणजे दुखणं सोसण्यात तोवर मी भावाच्या पुढं होते, आणि मला त्याचा गर्वही होता.

पोत्यावरची अकरा वर्षं

तेराव्या वर्षी मी पहिल्यांदा बाजूला बसले. मागच्या पडवीत पोतं अंथरून दिलं. चार दिवस कुणाला शिवायचं नाही, कुणी मला शिवायचं नाही. त्याच दिवशी ते सुरू झालं. ओटीपोटात कुणीतरी ओलं लुगडं पिळत होतं, पिळून झालं की झटकत होतं, आणि परत पिळत होतं. मी ओकले. पाय थंड पडले. आईनं ओव्याचं पाणी आणलं, तांब्या लांबून सरकवला आणि म्हणाली, "बाईच्या जातीला हे असतंयच. लगीन झालं की थांबतंय."

चौदाव्या वर्षी लग्न झालं. थांबलं नाही. चाकूरला सासू म्हणाली, "लेकरू झालं की थांबतंय." लेकरू होत नव्हतं.

दुखणं मात्र वाढत गेलं. आधी दोन दिवस असायचं, मग आठ झाले. बाजूला बसायच्या आधीपासून कंबर धरायची. परसाकडं बसलं तरी डोळ्यांसमोर अंधारी यायची. आणखी एक गोष्ट मला कळत नव्हती. त्या दिवसांत चुलीचा साधा चटका लागला, दारात बोट चेमटलं, तरी एरवीच्या दुप्पट लागायचं. विंचू सोसणारी वाघीण बोट चेमटलं म्हणून रडायची. सासरी मला 'नाजूक' म्हणू लागले. मी पण म्हणू लागले.

एका उन्हाळ्यात आमच्या देवणी बैलांतला एक लंगडू लागला. आमचे मालक तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत. बैलाचं पाऊल स्वतःच्या मांडीवर घेऊन बघायचे. उदगीरच्या बाजूचा एक जाणकार माणूस गाडी पाठवून आणला. मालक वाईट नव्हते. बैल पाय टेकत नाही हे त्यांना दिसत होतं, माझं पोट दिसत नव्हतं, एवढंच. मी पडवीतून बघत होते. मला त्या बैलाचा हेवा वाटला. खोटं कशाला सांगू.

तोवर घरात दुसऱ्या सोयरिकीची कुजबुज सुरू झाली होती. देवणीकडची कुणी मुलगी होती. मी तिला कधी पाहिलं नाही. पण तिचं पोट दुखत नसणार असं मी मनाशी धरून चालले होते, आणि त्यासाठी तिचा राग करत होते.

एकाच घरात दोन दुखणी

चोविसाव्या वर्षी पंचमीला माहेरी आले होते. पंचमी झाली, तिसऱ्या दिवशी मी बाजूला बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी पडवीत पोत्यावर बसून दुकानातल्या चिंध्यांची गोधडी शिवत होते. दुखत असताना हाताला काम असलं की बरं पडायचं, म्हणून. एवढ्यात नरहरी दुकानातून घरी आला तो वाकूनच आला. ओसरीवर पडला आणि लोळू लागला.

"मेलो! अगं माय, मेलो!"

मुतखडा होता, हे नंतर कळलं. त्या वेळी फक्त पळापळ. शेजारचे धावले. अप्पांनी दुकान उघडंच टाकलं. कुणीतरी टांगा घेऊन गेलं आणि डॉक्टरला घेऊन आलं. माझ्या जागेवरून मधलं दार उघडं असलं की ओसरी दिसायची. चार बायका त्याला वारा घालत होत्या. आईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. आणि अप्पा, ज्यांनी जन्मात कुणाचे पाय दाबले नव्हते, ते त्याचे पाय दाबत होते. डॉक्टरनं सुई दिली. मार्फियाची होती म्हणे. थोड्या वेळानं त्याचं ओरडणं ढिलं झालं. कापूस पाण्यात भिजल्यासारखा तो निजला.

आई पाणी तापवायला मागं आली तेव्हा मी म्हटलं, "आई, माझंबी लई दुखून राहिलंय. त्या डॉक्टरला इचार की."

ती थांबलीसुद्धा नाही. "तुझं नेहमीचंच हाय गं. त्याचं तसं न्हाई. गड्याच्या जातीला सोसत न्हाई."

मग मी गोधडीत सुई खुपसली ती बोटात गेली.

आता जे सांगायचं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या भावावर माझा जीव होता. तरी त्या दिवशी आणि पुढचे दोन दिवस मला त्याच्या सगळ्याचा हेवा वाटला. त्याला मिळालेल्या सुईचा. त्याच्या अंगावरच्या हातांचा. माझ्या अंगाला दर महिन्याला ज्या वेळी हात हवा असायचा नेमक्या त्याच वेळी तो निषिद्ध होता. त्याच्या ओरडण्याचासुद्धा. मी ओरडले असते तर गल्लीत कळलं असतं की हिची कसली वेळ आहे. दुसऱ्या दिवशी सुईचा अंमल उतरून तो पुन्हा कण्हू लागला, तेव्हा माझ्या मनात आलं, एवढ्यात याचा खडा पडू नये. आणखी चार दिवस राहू दे. कळू दे.

तिसऱ्या दिवशी खडा पडला. ज्वारीच्या दाण्याएवढा, काळपट, काटेरी. अप्पांनी तो तपकिरीच्या डबीत ठेवला. येईल त्याला डबी उघडून दाखवायचे, आणि बघणारा "अबाबा! हे एवढं पोटात?" म्हणायचा. मलाही लांबून दाखवला. मी त्या खड्याकडं बघत राहिले. माझ्याजवळ दाखवायला काही नव्हतं.

नरहरी विचारतो

खडा पडला त्या संध्याकाळी तो भिंतीला धरत पडवीपर्यंत आला आणि उंबऱ्यावर बसला. चेहरा उतरला होता. गोधडीकडं बघून म्हणाला, "अक्का, तुझं असंच असतंय का?"

"कसं?"

"असं... भिंतीवर डोकं आपटावं वाटतंय, तसं."

"दर महिन्याला."

"केव्हापासून?"

"तेराव्या वर्षापासून."

त्यानं माझ्या हातातल्या सुईकडं बोट दाखवलं. मग म्हणाला, "आन् तू टाके घालून राहिलीस?"

त्यानं त्याच आठवड्यात अप्पांपाशी गोष्ट काढली. नांदेडला जनाना दवाखाना आहे, तिथं हैदराबादहून शिकून आलेली डॉक्टरीण आहे, अक्काला तिकडं दाखवायचं. अप्पा म्हणाले, "तिच्या सासरचे बघतील." तर हा पठ्ठ्या महिन्याभरानं मोटारीनं चाकूरला येऊन उतरला. सासू म्हणाली, "बाईच्या पोटदुखीला कुणी परमुलखात नेतंय व्हय? अन् पोटबिट फाडलं तर लेकरू कसं व्हायचं?" नरहरी आमच्या मालकांकडं वळून म्हणाला, "दाजी, मी गडी माणूस. तीन दिवस मला ते दुखलं तर मी देवाला म्हटलं, ने मला. ही अकरा वर्षं सोसून राहिलीय."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं. नवीनच काही दिसल्यासारखं पाहिलं. म्हणाले, "दावू. नेऊन दावा."

मी आत जाऊन हुंदके देऊ लागले, आणि सगळ्यांना वाटलं, आनंदानं. अर्धं खरं. अकरा वर्षं मी जे सांगत होते ते नरहरीनं एकदा सांगितलं आणि खरं झालं. माझं दुखणं खरं ठरायला त्याला दुखावं लागलं होतं. त्याचे उपकारही वाटले आणि त्याचा हेवाही, एकाच वेळी.

नांदेड

दुसऱ्या महायुद्धाची वर्षं होती. पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. चढ लागला की गड्यांनी उतरून ढकलायचं. लोह्याला मोटार थांबली तेव्हा मला कळलं की मी बाजूला बसायची झाले. चार दिवस आधीच. मी नरहरीला म्हटलं, "परत चल. अशा वेळी दवाखान्यात कोण घेतंय?" तो कानापर्यंत लाल झाला, दुसरीकडं बघत म्हणाला, "अक्का, आता मागं न्हाई जायचं."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई टेबलामागं बसल्या होत्या. पांढरी साडी, बारीक चष्मा. त्यांची बोली दखनी, मधे मधे मोडकं मराठी. नरहरीनं उभ्या उभ्याच सुरू केलं, "हिला इथं असं दुखतंय, आठ-आठ दिवस, मग ओकाऱ्या..."

त्यांनी हात वर केला. "दर्द आपको होता क्या जी?"

"न्हाई, मला खडा झालता, पण हे..."

"तो आप बाहर बैठो."

तो बाहेर गेला. अकरा वर्षांत इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं. मग त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "हौ, आता तुम्ही बोला."

मी बोलले. सुरुवातीला नीट येईना. कारण मला कधी कुणी पुढचा प्रश्न विचारलेला नव्हता. त्या विचारत गेल्या. कधी सुरू होतं, कुठून कुठं जातं, मालकांजवळ असताना दुखतं का, परसाकडं बसताना दुखतं का. 'हो' म्हणताना मला घाम फुटत होता, आणि त्या खाली मान घालून लिहीत होत्या. मग उठल्या आणि पडद्याआड खाटेवर निजायला सांगितलं.

मी म्हटलं, "बाई, मला शिवू नका. मी आज बाजूला हाय."

"तो उसीच के वास्ते आई ना?" असं म्हणून त्यांनी माझ्या ओटीपोटावर हात ठेवला.

कोमट हात होता. तेराव्या वर्षापासून त्या दिवसांत मला कुणी शिवलं नव्हतं. मी रडू लागले तशा त्या घाबरल्या. "इत्ता दुखता?" त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही की हे रडणं दुखण्याचं नाही.

वॉर्डात

मला ठेवून घेतलं. डाव्या अंगाला गोळा लागत होता, पोट उघडून बघावं लागेल असं सांगितलं. आमचे मालक येऊन उर्दूतल्या कागदावर सही करून गेले. शेतात कामं होती, पण जाताना मोटारअड्ड्यावरून परत आले, खाटेशी थोडं उभे राहिले, आणि "भिऊ नको" एवढं म्हणून पुन्हा गेले.

मी भीत होतेच. सकाळी पेज, मग जखमांच्या पट्ट्या, मग डॉक्टरीणबाईंची फेरी, दुपारी भेटायला येणारांची वर्दळ. शेजारच्या खाटेवर एक बाळंतीण होती. तिच्या कळा मी ऐकल्या होत्या. साऱ्या वॉर्डानं ऐकल्या. आयाबाया तिला "आणखी थोडं, माझी बाय" म्हणत होत्या. नंतर घरून तिला तूपभात येऊ लागला, आणि येणारी प्रत्येक बाई "लई सोसलं गं पोरीनं" म्हणायची. मी भिंतीकडं तोंड करून पडायचे. तिचं दुखणं एका रात्रीचं होतं आणि तिच्या कुशीत लेकरू होतं. माझी अकरा वर्षं नुसतीच गेली होती. मी तिच्याशी तीन दिवस बोलले नाही. चौथ्या दिवशी तिनं वाटीत भात काढून आपण होऊन माझ्याकडं सरकवला. मी खाल्ला. तूप लई चांगलं होतं.

एकदा मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "विंचू चावला तवा मी रडले न्हाई. आता बोट चेमटलं तरी का रडते? मी खरंच नाजूक झाले का?"

त्या खाटेच्या कडेला बसल्या. बाईच्या अंगात एक रस असतो, असं त्यांनी मला समजेल अशा शब्दांत सांगितलं. बीजकोशातून तो रक्तात उतरतो, महिन्याभरात चढतो, ओसरतो. मुलगी लहान असते तोवर त्याचं काही चालत नाही. तो सुरू झाला की महिना चालू होतो, आणि त्याच्या चढउतारानं दुखण्याची धारही कमीजास्त होते. पुरुषाचा रस वेगळा. "तुम्हारा भाई और तुम एक पेट के. पर तेरा साल के बाद दो जिस्म. तुम कमजोर नहीं जी." आता त्याला पुस्तकात संप्रेरकं म्हणतात. माझ्या मनातून मात्र त्या दिवशी 'नाजूक' हा शब्द गेला.

पोट उघडलं

नाकावर जाळी ठेवली, उग्र वास आला, आकडे म्हणायला सांगितले. सातापर्यंत म्हटल्याचं आठवतं. जाग आली तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं आणि पोटावर विस्तव ठेवल्यासारखं होत होतं. पण हे दुखणं निराळं होतं. नर्स विचारायची, "दुखतंय का?", मी हो म्हटलं की सुई मिळायची. इतकं सोपं होतं ते.

डाव्या बीजकोशावर जुन्या रक्ताची पिशवी झाली होती, लहान लिंबापेक्षा मोठी. आतलं रक्त काकवीसारखं घट्ट, काळं. तो कोश काढावा लागला. उजवा त्यांनी राखला होता. मी पहिला प्रश्न विचारला तो हा, की ती पिशवी मला दाखवता येईल का. त्यांनी बरणीत ठेवली होती. मी बघितली, मग नरहरीला बोलावून दाखवली. तो बघून फटफटीत पांढरा पडला आणि बाकावर जाऊन बसला. मला बरं वाटलं. वाईटही वाटलं, पण आधी बरं वाटलं.

पुढचं थोडक्यात सांगते. दुखणं पुरतं गेलं नाही, पण आठ दिवसांचं एक दिवसाचं झालं, तेही सोसवेल असं. दुसऱ्या सोयरिकीची गोष्ट आपोआप मागं पडली. चार वर्षांनी मुलगी झाली, आणि ते नऊ महिने माझं पोट एकदाही दुखलं नाही. बाकीच्या बायका कायम अशाच राहतात की काय, असं तेव्हा मनात यायचं आणि जळफळाट व्हायचा. चाळिशीनंतर महिना थांबला तसं उरलेलं दुखणंही थांबलं. आज कुणाला माझ्यासारखं होत असेल तर तिनं एवढंच करावं: सांगत राहावं, आणि जो पुढचा प्रश्न विचारील त्याला शोधावं.

आई

टाके काढायच्या दिवशी लातूरहून आई आली. घरच्या शेंगांची चटणी आणि दोन धुवट लुगडी घेऊन. खाटेजवळ बसली, माझ्या पोटावरच्या पट्टीकडं पाहिलं, दुसरीकडं पाहिलं. मी नीट बोलत नव्हते. "तुझं नेहमीचंच हाय" हे माझ्या कानातून जात नव्हतं.

नरहरी बाहेर गेल्यावर ती एकदम म्हणाली, "मलाबी दुखायचं."

"काय?"

"तुझ्यासारखंच. ओकाऱ्या यायच्या. तुमी दोघं पोटात होता तवा तेवढं बंद झालं, मंग परत सुरू. दोन वर्षांखाली महिना थांबला तवा थांबलं. त्या दिवशी मी देवाला नारळ फोडला. हे म्हणाले, कशाचा? मी म्हटलं, असाच."

मी म्हटलं, "मग मला का न्हाई सांगितलंस? तुला ठाऊक होतं, तरी तांब्या लांबून सरकवलास."

आईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "माझी माय मला तसाच सरकवायची. मी सोसलं, तर तू का न्हाई सोसायचं, असं वाटायचं. अन् खरं सांगू? नरहरी तुला नांदेडला न्यायचं म्हणून उठला ना, तवा माझं पोट जळलं. मला कुणी नेलं न्हाई." मग हळूच म्हणाली, "तोंड दाखवू नये असं हाय हे बोलणं. पण हाय."

हेवा मी कुणाकडून घेतला ते मला तेव्हा कळलं.

एवढ्यात फेरी आली. डॉक्टरीणबाईंनी टाके बघितले, चांगलं भरतंय म्हणाल्या. त्या पुढं निघाल्या तशी आईनं माझा दंड धरला. "बाईला इचार की. आता माझं काही दुखत न्हाई. औषध नको. पण दुखत होतं, एवढं कागदावर लिहून घेतील का?"

मी विचारलं. मला वाटलं त्या हसतील. त्यांनी आईकडं नीट पाहिलं, परिचारिकेकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि स्टूल ओढून आईसमोर बसल्या.

"नाम?"

आई गोंधळली. तिला घरात, गल्लीत नावानं कुणी हाक मारत नव्हतं. ती नरहरीची आई होती. तिनं पदर सावरला.

"यमुना," ती म्हणाली.

"कब से होता था, यमुनाबाई?"

आई सांगू लागली. तेराव्या वर्षापासून सुरुवात केली, आणि कुठलंही वर्ष वगळलं नाही. डॉक्टरीणबाई तिच्या डोळ्यांत बघत होत्या, लिहीत होत्या, पुढचं विचारत होत्या. मला तेवढ्यातही वाटून गेलं, आज त्या माझ्याकडं बघत नाहीत. मग मी आईचा हात हातात घेतला आणि तिचं सांगून होईपर्यंत गप्प राहिले.